तारामतीबाईंची आंब्याची कलमं

नवरा गेल्यापासून तारामतीबाई हैदराबादेत अंबरपेठेत दिराच्या घरी राहत होत्या. दीर एकनाथराव महसूल कचेरीत कारकून. घर भाड्याचं, पण मागच्या अंगाला मुसी नदीकडे उतरत गेलेली मोकळी जागा होती. तिथे बाईंनी आंब्याची कलमं लावली होती. रायवळाच्या रोपाला चांगल्या झाडाची फांदी बांधायची विद्या त्यांना नवऱ्याने शिकवली होती; तो सरकारी बागेत मुकादम होता. मूलबाळ नव्हतं. त्याच्यामागे उरलं ते एवढंच.

छप्पन साली हैदराबाद राज्य मोडलं. मराठी मुलखाकडचे नोकर मुंबई राज्यात वाटले गेले आणि एकनाथरावांचा हुकूम औरंगाबादचा निघाला. तिथे जागा मिळेपर्यंत संक्रांत आली. सामान बांधायला काढलं, आणि त्याच आठवड्यात कधी नव्हे असा गारठा पडला. गार वारं उताराने खाली येऊन नदीकाठी साचायचं. कलमं नेमकी तिथेच होती.

बाईंनी दुपारीच आळ्यांना पाणी दिलं, कारण ओली जमीन ऊब धरते. मग सामानासाठी आणलेली पोती उसवायला घेतली. एकनाथरावांची बायको लीला भांडी गोळा करत होती. एकनाथराव म्हणाले, "वहिनी, पोती उसवली तर भांडी कशात भरायची?"

"भांड्यांना थंडी बाधत नाही, भावजी."

मग खाटेच्या लाकडी पट्ट्या आणून त्यांनीच रोपांभोवती रोवल्या. पोतं पानाला टेकलं की तिथलं पान जळतं, म्हणून बाई प्रत्येक पोतं हाताने वर उचलून बांधत होत्या. पोती सगळ्यांना पुरली नाहीत. उरलेल्यांवर त्यांनी आपली लुगडी घातली. वाऱ्याच्या बाजूला पालापाचोळा पेटवला, पण वारा पडला आणि धूर सरळ वर निघून गेला.

सकाळी गवतावर मीठ शिंपडल्यासारखं दहिवर गोठलेलं होतं. लुगडी ताठ झाली होती. उन्हं वर आली तशी पानं काळी पडून लोंबायला लागली, पोत्यांखालचीसुद्धा.

बाई रडल्या नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी नखाने एकेक साल खरवडून पाहिली. बहुतेक रोपं आतून तपकिरी निघाली. दोन रोपांत मात्र कलमाच्या जोडाच्या वर हिरवं होतं. आता काही छाटायचं नाही, नुसतं पाणी देत राहायचं, म्हणजे फाल्गुनात फुटतील, असं त्यांनी लीलाला सांगितलं. मग एकनाथरावांकडे जाऊन, फाल्गुनापर्यंत मला इथेच राहू द्या, असं म्हणाल्या.

"कोणाच्या भरवशावर?" ते म्हणाले. त्यांचा आवाज कडक नव्हता. आसपासची ओळखीची मराठी घरं बदल्यांपायी केव्हाच रिकामी झाली होती.

घरमालकाला मागे नव्या खोल्या बांधायच्या होत्या. बाईंनी त्याला निदान ती दोन झाडं ठेवायची विनंती केली. तो भला माणूस होता. खाली वाकून त्याने झाडं पाहिली.

"झाडां तो मर गए, अम्मा," तो म्हणाला. "अब क्या रखे यहां?"

बाईंनी साल दाखवली. त्याने मान हलवली. पण ती हो म्हणून की कीव येऊन, ते कळलं नाही. मुळं थंडीने दुखावलेली, उपटून नेली तर वाटेतच जातील, हे बाईंना ठाऊक होतं. निघायच्या सकाळी सामान टांग्यात चढत असतानाच मागे पायाची आखणी सुरू झाली. मजुरांनी आधी जागा साफ केली, त्यात ती दोन झाडंही गेली. बाई ओसरीवर उभ्या राहून बघत होत्या. मग सगळे काचीगुडा स्टेशनावर जाऊन गाडीत बसले.

औरंगाबादेत माडीवरच्या दोन खोल्या मिळाल्या. पुढे एकदा एकनाथरावांनी चांगलं अंगण असलेली जागा पाहिली आणि बाईंना मुद्दाम नेऊन दाखवली. त्यांनी ती पाहिली, बरी आहे म्हणाल्या. तिथे राहायला गेल्यावरही त्यांनी काही लावलं नाही. शेजारच्या कोणी कलम बांधून मागितलं की हात स्थिर राहत नाही म्हणायच्या. तेव्हा त्या पन्नाशीच्याही नव्हत्या.