फ्रान्सच्या किल्ल्यातला आंबा

सातवीत शाळा सोडलेल्या बाईनं फ्रान्सवर लिहावं म्हणजे जरा जास्तच झालं. पण गेले होते, हे खरं. नोएडात ज्या काकूंकडे मी कामाला राहते, त्यांची लेक तिकडं असते. काकूंचे गुडघे दुखतात, शुगर वर-खाली होते, म्हणून सोबतीला मी. मला नेलं नसतं तरी चाललं असतं, पण काकू म्हणाल्या, "चलो, तूही बघ जग." ते उपकार मी विसरणार नाही. माझी फजिती काकू विसरू देत नाहीत.

"मर्सी" म्हणजे आभार. लक्षात राहावं म्हणून मी मनात मिरची धरली होती. पहिल्याच दिवशी पाववाल्या बाईला हात जोडून "मिरची" म्हणून आले.

एका सकाळी ताईंनी, म्हणजे काकूंच्या लेकीनं, आम्हाला कारकासोनच्या किल्ल्यापाशी सोडलं. "संध्याकाळी न्यायला येते. आईला एकटं सोडू नका हं," असं बजावून त्या कामावर गेल्या. किल्ला शेकडो वर्षांचा. एकात एक दोन तट, बुरुजांना निमुळत्या टोप्या, आत गल्ल्या, दुकानं. मी लगेच फुशारले. माझं माहेर साताऱ्याकडं, किल्ल्याच्या पायथ्याला. लहानपणी सरपणाला वर जायचे.

"काकू, डोळे बांधून सोडलं तरी मी किल्ल्याचा दरवाजा शोधीन."

"अच्छा?" काकू एवढंच म्हणाल्या.

दोन तटांमधल्या मोकळ्या जागेत शत्रूला कसं कोंडायचं, हे मी तावातावानं सांगू लागले. छान सांगत होते. वळून बघते तर शेजारी एक गोरे आजोबा मान हलवत ऐकतायत. काकू नाहीत.

काकूंच्या गोळ्या, पासपोर्ट, फोन, सगळं माझ्या पर्समध्ये. गल्लोगल्ली धावले, तरी फिरून फिरून एकाच विहिरीपाशी येत होते. डोळे उघडे असून दरवाजा सापडेना. शेवटी एका दुकानातल्या बाईला खुणा केल्या: साडी, अंबाडा, काठी, लंगडत चालणं. तिला लगेच कळलं. हात दाखवून म्हणाली, "आंबा! आंबा!"

पुढं एका माणसाला तीच नक्कल करून दाखवली. तोही म्हणाला, "आंबा!"

आता इथं माझं डोकं चाललं. आम्ही मराठी मंडळी जानेवारीत बस करून पानिपतला जातो, काला अंबला. तिथं आता झाड नाही, स्मारक आहे, पण जागेला नाव आंब्याचंच. मी ठरवलं, इथंही लढाई झाली असणार, इथंही आंबा असणार, आणि काकू तिथं हात जोडायला गेल्या असणार. निघाले आंबा शोधत. एका अंगणात झाड दिसलं. पान चुरगळून हुंगलं. अंजीर होतं. खिडकीतून मालकीण बघत होती.

"आंबा?" मी रडवेल्या आवाजात विचारलं.

तिनं उताराकडं हात केला. "आंबा, आंबा!"

उतार संपला तिथं दुसरा दरवाजा, आणि बाहेर कठड्यावर काकू. हातात आइस्क्रीमचा कोन, कमरेच्या बटव्यातले पैसे देऊन घेतलेला. मला रडूच फुटलं.

"अगं, काय झालं? तू त्या आजोबांना किल्ला शिकवत होतीस. म्हटलं, तोवर खाली जाऊन बसावं."

"मी आंबा शोधत होते, काकू. सगळे आंबा आंबा म्हणत होते."

काकू इतक्या हसल्या की कोन कलंडला. "अगं बाई, 'आँ बा' म्हणजे खाली! लेकीच्या लिफ्टमध्ये रोज ऐकते मी. मी खाली गेले, असं सांगत होते ते!"

मी त्यांचा हात घट्ट धरला. "ताईंना सांगू नका ना. पुन्हा तुम्हाला माझ्याबरोबर कुठं सोडणार नाहीत."

काकूंनी कोनाचं टोक तोंडात टाकलं. "तू याचं सांगू नकोस, मी आंब्याचं सांगत नाही."

ताईंना त्यांनी खरंच सांगितलं नाही. यंदा जानेवारीत पानिपतच्या बसमध्ये मात्र सगळ्यांना सांगितलं, अंजिराच्या पानासकट. काला अंबला बस थांबली तर मागून आवाज, "चला यार, आँ बा!" मीही हसले.

आइस्क्रीमचं मी आजवर कुणाला बोलले नव्हते. ताई दिल्लीत वाढलेल्या, मराठी वाचायचा कंटाळा करतात, त्या भरवशावर लिहिलंय.