जेवण झाल्यावरचा पाठ

सोनागिरी वसाहतीतल्या मंजूषा देशकरला वेड लागलं ते समुद्राचं, आणि तेही भोपाळात बसून! माहेर नागपूरचं, नवरा नरहरराव इथल्या कारखान्यात. समुद्र पाहिला तो एकदाच, लग्नानंतर पुरीला, तोही गर्दीत नवऱ्याची चप्पल शोधता शोधता. पण मुलांसाठी विज्ञानाचे पाठ तयार करणाऱ्या एका संस्थेत ती लागली, अंदमानातल्या एका लहान बेटावरची शाळा तिच्या वाट्याला आली, आणि बाई हट्टालाच पेटल्या. त्या पोरांच्या पुस्तकात गव्हाची शेतं होती, किल्ले होते, रेल्वे होती. शाळेच्या दारातला समुद्र तेवढा नव्हता.

"हा कुठला न्याय, सर?" ती साहेबांना रोज विचारायची. शेवटी साहेब कंटाळले आणि म्हणाले, करा बाई, काय करायचं ते करा.

तिने केलं. पहिला पाठ असा की मुलांनी किनाऱ्यापासून समुद्रात थोडं आत असलेल्या सपाट खडकावर जायचं, दोरीचा चौकोन टाकायचा आणि त्या चौकोनात काय काय जगतंय ते बघायचं. पाठवण्याआधी तिने तो स्वतः करून पाहिला. कुठे? भोपाळातल्याच बड्या तालाबच्या, म्हणजे मोठ्या तळ्याच्या काठावर, मुलगी तन्वीला घेऊन! सकाळी जाऊ म्हटलं, तर नरहरराव जेवल्याशिवाय स्कूटर काढतील तर शपथ. "पाणी काय पळून जातंय का?" ते म्हणाले. खरंच पळालं नाही. चौकोन छान जमला, आणि पाठात मंजूषाने लिहून टाकलं: दुपारी जेवण झाल्यावर निघावे.

संस्थेत येण्याआधी भरती-ओहोटी तिने वर्षानुवर्षं शाळेत शिकवली होती, फळ्यावर चंद्र काढून. पण शिकवणं वेगळं, अंगात मुरणं वेगळं.

शनिवारी बिट्टन मार्केटच्या आठवडी हाटात ती नरहररावांबरोबर मेथी निवडत होती, तेव्हा फोनवर निरोप आला. बेटावर नुकतेच बदलून आलेले गौरांग सर. त्यांनी फोटो पाठवला होता. पोरं रांगेने निघालेली, खांद्यावर दोऱ्या, सगळ्यांत पुढे आठवीतली शशिकला. खाली लिहिलेलं: 'खाना हो गया, मॅडम. निकल गए.'

मंजूषाला इतका आनंद झाला की तिने फोटो भाजीवालीलाही दाखवला. मग तिला सरांनीच सकाळी पाठवलेला त्या जागेचा फोटो आठवला. किनारा आणि खडक यांच्यामधला खोलगट भाग सकाळी कोरडा होता, त्यात कुत्रं बसलं होतं. आता तिथूनच पोरं चालली होती, आणि पाणी गुडघ्याला लागलं होतं.

"अगं बाई!" मेथी हातातून सुटली. "पाणी चढतंय!"

तिने फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. बेटावरचं नेटवर्क कायमच रुसलेलं असायचं. आज तर त्याने जीवच घ्यायचं ठरवलं होतं. शाळेतला दुसरा नंबर बंद. 'वापस बुलाओ' असं तिने लिहिलं, तर तो निरोप जाईचना.

"लहान पोरं आहेत हो त्यात," ती नरहररावांचा हात धरून म्हणाली. "माझ्यामुळे गेली. तुमच्या जेवणामुळे गेली!" नरहरराव एरवी उलट बोलल्याशिवाय राहत नसत. आज त्यांनी फक्त पिशव्या स्वतःकडे घेतल्या आणि तिला एका ओट्यावर बसवलं. आजूबाजूला कांदे-बटाट्यांची ओरड चालू होती. ती पुन्हा पुन्हा फोन लावत होती. इतकी भीती तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

कितीतरी वेळाने फोन वाजला. गौरांग सरांना धड बोलताही येईना. त्यांच्या हातातून फोन शशिकलाने घेतला.

"सब आ गए, मॅडम." परतताना पाणी छातीला लागलं होतं, ती सांगत होती. मग चौकोनांच्या सगळ्या दोऱ्या एकमेकींना बांधल्या, लहानांना मध्ये घेतलं आणि दोरी धरून सगळे किनाऱ्याला आले. एकाची चप्पल तेवढी गेली.

मंजूषा हाटात सगळ्यांसमोर ढसाढसा रडली. मग तिला राग आला. "अगं, तू तिथलीच ना? जन्म गेला तुझा त्या पाण्यात! चढणार हे तुला ठाऊक नव्हतं?"

"मालूम था."

"मग गेलीस कशाला?" ती मराठीतच ओरडली. पलीकडे ते बरोबर पोचलं.

"आपने लिखा था ना, मॅडम," शशिकला म्हणाली. "हमने सोचा, आपको हमसे ज़्यादा पता होगा."

मंजूषाने पदराने डोळे पुसले.

"हे बघ, शशिकला, नीट सुन. मैं कुछ भी लिखूँ, और समंदर कुछ और बोले, तो समंदर की सुनना. मेरी नहीं. आणि निघायचं कधी, ते तुम्ही ठरवायचं. समझी?"

"जी, मॅडम." पोर लगेच पुढे म्हणाली, "पर ये भी लिखके भेज दीजिए ना. नहीं तो सर नहीं मानेंगे."

मंजूषाने नाक ओढलं, फोन मांडीवर घेतला आणि तिथंच ओट्यावर बसून लिहायला सुरुवात केली.