मेंढरं निवांत होती

त्या हिवाळ्यात आमची पलटण सरहद्दीवर, वझिरिस्तानात होती. मी नाईक, हाताखाली नऊ जवान. त्यांतला म्हादू माझ्याच गावचा, माढ्याजवळचा. दोघंही धनगरांची पोरं. पलटणीच्या खेचराला तो 'भावजी' म्हणे, आणि परेड सुटली की मला मुद्दाम कडक सलाम ठोकी. "नाईकसाब, हुकूम? का मेंढरं वळू?"

काम रोजचं. रसद रस्त्यानं जायच्या आधी बाजूच्या टेकड्या ताब्यात घ्यायच्या. नियम एकच. खाली लुईस गन, म्हणजे मशीनगन, माथ्यावर रोखून लावायची, मगच वर चढायचं.

त्या दिवशी गन वाहणारं खेचर मागं राहिलं. साडेनऊला टेकडीखाली पोचलो. थांबलो असतो तर अर्धा तास गेला असता. सुभेदारांनी विचारलं, "वर कोणी?"

"कोणी नाही, साहेब."

"कशावरून?"

"माथ्यावर मेंढरं निवांत चरतायत."

आमच्या माळावर परका माणूस आला की मेंढरं माना वर करतात, गोळा होतात. लहानपणापासून पाहिलेलं. निवांत आहेत, म्हणजे वर माणूस नाही. म्हादूलाही पटलं.

"जा, म्हादू," मी म्हणालो.

"जातो की. येताना कोकरू आणू का?"

माथा वीस पावलांवर असताना तीन गोळ्या सुटल्या. पावणेदहाला म्हादू गेला.

रिपोर्टात लिहिलं, 'शत्रू दिसला नाही.' ते खरंच होतं. मेंढरांचं लिहिलं नाही. सुभेदारांनीही तो विषय काढला नाही.

पुढं पेन्शनीवर आलो, सोलापुरात गिरणीच्या फाटकावर पहारेकरी झालो. माढा काही लांब नाही. तरी म्हादूच्या घरी गेलो नाही. तेरा वर्षं.

यंदा गेलो. त्याचे वडील, रामातात्या, माळावर मेंढरांत बसले होते. मला पाहून सगळ्या कळपानं माना वर केल्या. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. "मेंढरं निवांत होती तात्या, म्हणून मी त्याला पाठवला."

तात्यांनी एवढंच विचारलं, "मेंढरं कुणाची व्हती?"

मी खाली पाहिलं. तात्यांच्या पायाशी एक मेंढी त्यांना खेटून चरत होती.

"गोळ्या झाडणाऱ्यांचीच," मी म्हणालो. "धनी दगडाआड होता."

"मग ती धन्याला कशापायी बिचकतील?"

त्यांनी त्या मेंढीच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "तुमा दोगांस्नी मेंढरं वळखाया मीच शिकिवलं. अर्धंच शिकिवलं की रं." घोंगडं सरकवून त्यांनी मला जागा केली. "बस. आता त्यो तितं कसा ऱ्हायचा, ते सांग."

उन्हं कलेपर्यंत मी म्हादूबद्दल बोलत होतो. तात्या दोनदा हसले.