पहिल्या डब्याचा नंबर

“म्याडम, चार डबे बोलून राह्यले, मंग पह्यलाच काऊन गप हाय?”

इचोड्याच्या एका जिनिंग मिलचे मालक तिसऱ्यांदा विचारत होते. मी घामाघूम. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, मी नागपूरच्या एका कंपनीत इंजिनिअर, आणि एकटीनं सांभाळायची ही माझी पहिलीच साइट.

काम तसं साधं. कापसाच्या पाच गंज्या, प्रत्येकीत एक सेन्सर आणि बाहेर खांबावर डेटा लॉगर, म्हणजे तापमान नोंदवणारा डबा. कापूस ओला असला की गंजी आतून तापते, माल पिवळा पडतो, कधी पेटतोसुद्धा. पाचही डबे एकाच केबलवर. ऑफिसातला कॉम्प्युटर पुकारतो, “दोन, किती?” मग दोननंच उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी तोंड मिटून बसायचं. या शिस्तीला प्रोटोकॉल म्हणतात.

पहिला डबा काही केल्या बोलेना. आणि नेमका त्याच गंजीत बाजारहत्नूरकडून आलेला भिजका कापूस!

“सांजेपर्यंत पाची आकडे दिसले पायजे,” मालक म्हणाले, “नाय त डबे उचला अन् नागपूरची गाडी धरा.”

मी केबल बदलली, कनेक्टर घासले, कॉम्प्युटरमधलं कार्ड बदललं. नागपूरला साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, “केबल बघ.” अहो, सकाळपासून दुसरं काय करत होते मी?

आदल्या दिवशी डबे मुकादम गंगारामनं वायरमनकडून लावून घेतले होते. वैतागून मी त्यालाच म्हटलं, “मोजा बरं सगळे.”

एकेका डब्यावर हात ठेवत तो मोजू लागला. “लाभ, दोन, तीन, चार...”

“थांबा! एक कुठं गेला?”

“अवो बाई, मोजताना पह्यल्याले एक म्हनत नसतेत. पह्यलं लाभाचं.”

हे मला ठाऊक होतं. आमच्या घरीही ज्वारीचं पहिलं माप लाभाचंच असायचं. पण मी झटकन त्या डब्याकडे वळले. “मग याला नंबर कोणता लावला?”

“लाभाले कायचा नंबर? वायरमनले म्हनलं, याले तसाच ठेव.”

डबा उघडला. नंबर लावायचे चिमुकले स्विच सगळे खाली. म्हणजे शून्य. आमच्या प्रोटोकॉलमध्ये शून्य म्हणजे सगळ्यांना एकदम दिलेला हुकूम. ऐकायचं सगळ्यांनी, उत्तर कुणीच द्यायचं नाही. बिचारा डबा नियमानं गप्प होता! आणि मी शहाणीनं आल्या आल्या स्विच तपासलेच नव्हते.

पहिला स्विच वर केला, म्हणजे नंबर एक. स्क्रीनवर चार गंज्या तिशीत, पहिली थेट पन्नाशीला.

“अरे बाप रे!” मालक धावतच सुटले. हमालांनी गंजी फोडली तर आतून वाफ. सगळा माल उन्हात पसरला आणि वाचला. मालकांनी स्वतःच्या हातानं मला चहा दिला.

“पाह्यलं?” गंगाराम मिशीत हसला. “लाभ बोलला.”

निघताना मी स्क्रीनवर पहिल्या डब्याचं नाव ‘लाभ’ करून दिलं. स्विचवर मात्र नंबर एकच ठेवला. तेव्हापासून नव्या साइटवर केबलला हात लावायच्या आधी मी तिथल्या माणसाला डबे मोजायला सांगते.