मों-सँ-मिशेलच्या वाळूत

कुवेतमध्ये, फहाहीलमधल्या आमच्या घरापासून समुद्र चालत दहा मिनिटांवर. भरती आली तरी पाणी चार पावलं पुढे सरकतं, बस. इतकी वर्षं तो समुद्र पाहून आम्हाला वाटायचं, समुद्र असाच असतो. नवरा मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत इंजिनियर, मी सरकारी हॉस्पिटलमध्ये नर्स, मुलगी नववीत. दरवर्षी सुट्टीत नाशिकला जायचो. त्या वर्षी मुलीनं हट्ट धरला म्हणून फ्रान्सला गेलो.

आधी पॅरिस झालं, मग शांबोरचा राजवाडा. तिथे एकमेकांभोवती गुंडाळलेले दोन जिने आहेत. मी एकानं चढले, मुलगी दुसऱ्यानं. मधल्या झरोक्यांतून ती दिसायची, हात हलवायची, पण भेटायची नाही. ती हसत होती. मी मात्र उरलेल्या पायऱ्या भराभर चढले.

तिसऱ्या मुक्कामाला मों-सँ-मिशेल. सपाट वाळूत उभा एक खडक, त्यावर चढत गेलेलं गाव आणि अगदी टोकाला जुना मठ. आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. समुद्र कुठे दिसतच नव्हता, नजर जाईल तिथपर्यंत राखाडी वाळू.

मठाच्या तिकिटाची रांग बघून नवरा कंटाळला. "तू जा वर, तुला आवडतं हे. आम्ही दोघं जरा वाळूत चालून येतो. तासाभरात."

"अहो, एकटे नका जाऊ. गाईडबरोबर जायचं असतं म्हणे."

"अगं, लांब नाही जात."

"आई, रिलॅक्स," मुलगी म्हणाली. तिचे बूट तोवर हातात आले होते.

मी एकटीच वर गेले. मठातून मागच्या गच्चीवर आले तेव्हा तास उलटून गेला होता. खाली वाळूत माणसांचा एक घोळका खडकाकडे परतत होता. त्यांच्या बऱ्याच मागे दोन ठिपके. त्यातला एक लाल, मुलीच्या जॅकेटसारखा. ठिपके हलत नव्हते.

आणि त्यांच्याही पलीकडे एक चकचकीत रेघ होती. मला आधी ती उन्हाची तिरीप वाटली. शेजारच्या पहारेकऱ्यानं बोट दाखवून काहीतरी सांगितलं. मला कळलं नाही, तेव्हा तो तुटक इंग्रजीत म्हणाला, "सी. कमिंग. फास्ट."

फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. नवऱ्याचाही नाही, मुलीचाही नाही.

किती पायऱ्या उतरले ते सांगता येणार नाही. गावातली एकच अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना दुकानं, मध्ये वर चढणारी गर्दी. मी लोकांना ढकलत होते, मराठीतच "सरका, सरका" म्हणत होते. आयसीयूमध्ये कितीतरी नातेवाइकांना मी खांद्यावर हात ठेवून सांगितलंय, शांत राहा, श्वास घ्या. मला श्वास घेता येत नव्हता.

वेशीच्या दरवाजाशी पोहोचले तेव्हा तो घोळका चिखलाच्या पायांनी वर येत होता. त्यात मुलगी दिसली. अनवाणी, दोघांचेही बूट छातीशी धरलेले.

"बाबा कुठे आहेत?"

तिनं मागे वळून वाळूकडे पाहिलं.

"अगं, बाबा कुठे आहेत?"

"मागे. पाय वाळूत रुतलाय. या लोकांचा गाईड आहे त्यांच्याजवळ." घोळक्यातल्या एका बाईनं तिला धरूनच आणलं होतं. ती बाई माझ्याकडे बघून मान हलवत राहिली, म्हणजे येईल, येईल.

मी मुलीचं मनगट पकडून उभी राहिले. वाळूतल्या चरांमध्ये पाणी शिरत होतं. आवाज न करता, आडव्या-तिडव्या वाटांनी. मघाशी लोक चालत होते तिथे आता पाण्यात आभाळ दिसत होतं. त्या वेळात मी काय काय ठरवलं ते आठवलं की आजही लाज वाटते. नाशिकला सासूबाईंना फोन कोण करणार, इथपर्यंत मी पोहोचले होते.

खडकाच्या कडेनं दोघं आले. पुढे गाईड, मागे नवरा. मांड्यांपर्यंत चिखल, वर कमरेपर्यंत ओला. गाईडनं आम्हाला काहीही सुनावलं नाही, फक्त माझ्या नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली आणि आपल्या लोकांकडे गेला. रिफायनरीत रोज दुसऱ्यांना सुरक्षेचे धडे देणारा माझा नवरा पायरीवर बसला. पायांवरचा चिखल बोटांनी निपटू लागला.

कुवेतला परतलो. मुलगी समुद्रावर यायचं टाळू लागली. आधी अभ्यास, मग पोटदुखी, मग नुसतंच "नको". एका शुक्रवारी बाजारातून घरी येताना नवऱ्यानं गाडी समुद्राकडे वळवली, तशी ती मागच्या सीटवर रडू लागली. एरवी घरात इंग्रजीत उत्तरं देणारी मुलगी मराठीत म्हणाली, "मी हात सोडला, बाबा."

नवऱ्यानं गाडी कडेला घेतली.

"मी ओढत होते. माझेही पाय आत जायला लागले. गाईड ओरडला, तू जा. आणि मी हात सोडला."

तो मागे वळला. "अगं वेडे, मीच तर ओरडत होतो, सोड म्हणून."

"खरंच?"

"वारा केवढा होता. तुला ऐकू गेलं नसेल."

 तिनं बाहीनं नाक पुसलं आणि म्हणाली, भूक लागलीय.

घरी ती खोलीत गेल्यावर मी स्वयंपाकघरात त्याला विचारलं, "खरंच म्हणाला होतात, सोड म्हणून?"

तो पिशवीतली भाजी काढून ओट्यावर ठेवत होता. कोथिंबिरीची जुडी हातात तशीच राहिली.

"नाही," तो म्हणाला. "घट्ट धर म्हणत होतो."