आई माझ्या वर्गात होती

माझी आई एमएला माझ्याच वर्गात होती. हे सांगितलं की लोक लगेच म्हणतात, "अय्या, किती छान!" छान कसलं डोंबलाचं! सत्तेचाळीस वर्षांची बाई, खांद्याला पिशवी, पिशवीत डबा, आणि पहिल्या बाकावर आपल्याच शेजारी. दोन वर्षं बसून बघा एकदा.

बाबा सरकारी कंपनीत. वर्ध्याहून त्यांची बदली झाली आणि आम्ही लखनौला, अलीगंजात आलो, तेव्हा मी तिसरीत होते. आईचं बीए लग्नाआधी झालेलं, पुढचं राहून गेलेलं. मी शिक्षणशास्त्राच्या एमएचा फॉर्म भरायला लॅपटॉप उघडला, तर ही मागून म्हणाली, "माझ्यासाठीबी एक भर न वो." मला वाटलं गंमत करते. प्रवेशाची यादी लागली, तर तिचं नाव माझ्या नावापेक्षा चार ओळी वर. तिथूनच माझ्या पोटात दुखायला लागलं.

शैक्षणिक मानसशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम कडक होत्या. लघुप्रबंधासाठी त्या दरवर्षी एकच विद्यार्थी आपल्या हाताखाली घ्यायच्या, आणि ज्याला घेतील त्याची पीएचडीची वाट मोकळी व्हायची. ती जागा मला हवी होती. मी व्याख्या घडाघडा म्हणायचे, नोट्सना रंगीत चिकटपट्ट्या लावायचे. आईला एक व्याख्या धड आठवायची नाही.

एकदा मॅडमनी विचारलं, मुलाला प्रत्येक वेळी बक्षीस देत गेलं आणि मग एकदम थांबवलं तर काय होतं? माझा हात वर जायच्या आत ही उठून उभी. "मैडम, इसको मैं एक-एक पहाड़े पे गुड़-मूंगफली देती थी. सात के पहाड़े पे गुड़ खतम हो गया, तो इसने पहाड़े ही छोड़ दिए. आज भी सात का कच्चा है इसका." सगळा वर्ग खो खो हसला. मॅडमसुद्धा हसल्या, आणि म्हणाल्या, "इसी को विलोपन कहते हैं, लिखिए सब लोग." चोवीस वह्यांमध्ये त्या दिवशी मी गेले, सातचा पाढा आणि गूळ-शेंगदाण्यांसकट. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

घरी आल्यावर मी भांडले. "तुम क्लास में मेरे बारे में मत बोला करो, यार!" रागात मला मराठी सुचत नाही. ती कणीक मळता मळता म्हणाली, "बाप्पा! मग कोनाबद्दल बोलू? माझ्याजवळ तूच त आहेस न उदाहरणाला." झालं! हिच्यावर धड रागावताही येत नाही.

तिसऱ्या सत्रात केस स्टडी आली. एक मूल निवडायचं, दोन महिने त्याला बघायचं आणि लिहायचं. ज्याचं काम सर्वात चांगलं, त्याला मॅडम घेणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नियम एकच, पण पक्का: मुलाचं खरं नाव कुठेही येता कामा नये. ते 'क' असेल तर शेवटपर्यंत 'क'. नाव आलं की काम बाद.

मी गोमती नगरच्या एका मोठ्या शाळेतला मुलगा घेतला. चार चाचण्या घेतल्या, आलेख काढले. आई शहराबाहेर, बख्शी का तालाबकडच्या एका छोट्या शाळेत गेली आणि तिसरीतली अशी मुलगी घेऊन बसली, जी वर्गात तोंडच उघडत नव्हती. हजेरीलासुद्धा नाही. चाचणी कसली घेणार तिची, कपाळ? मी मनातून खूश होते.

मॅडमना टाइप केलेलंच लागायचं. आईला टाइप येत नव्हतं, म्हणून एका शनिवारी दुपारी तिची वही माझ्यापुढे आली. ती भाजी आणायला गेली आणि मी टाइप करायला लागले. दुसऱ्या पानावर माझे हात मंदावले. आईने चाचणी घेतलीच नव्हती. चार रविवार ती त्या मुलीच्या दारात बसून तिच्या आजीला मटार सोलू लागली होती. चौथ्या रविवारी मुलीने धाकट्या भावाला आणि दोन शेळ्यांना ओळीत बसवलं, हातात काडी घेतली आणि आपल्या शाळेतल्या मॅडमच्याच आवाजात अख्खा धडा म्हणून दाखवला. एक शब्द चुकला नाही. आईने खाली लिहिलं होतं: 'क' को पाठ आता है. उसे बस वह कक्षा चाहिए, जहाँ डाँटने वाली वह खुद हो.

वाचताना मला रडू आलं आणि त्याच क्षणी मी जळून खाक झाले. मला हे का दिसत नाही? मी हिच्याहून जास्त वाचते, जास्त जागते, आणि दिसतं हिला! मटार सोलता सोलता!

मग सातवं पान आलं. त्या मुलीने पहिल्यांदा हजेरीला 'यस मैडम' म्हटलं, त्या दिवसाची नोंद. तिथे आई 'क' विसरली होती. आनंदाच्या भरात तिने त्या पोरीचं खरं नाव लिहिलं होतं, आडनावासकट.

माझी बोटं थांबली. नावाच्या जागी एक 'क' टाकायचा होता. ती आली की सांगायचं, एवढंच होतं. मी वहीत होतं ते जसंच्या तसं टाइप केलं.

आई आली. पिशवी खाली ठेवत म्हणाली, "झालं का वो? नीट पाहून घेतलंस न?"

"हाँ," मी म्हटलं, "देख लिया."

पुढच्या आठवड्यात मॅडमनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. आईची फाइल त्यांच्या हातात होती. म्हणाल्या, "इतने साल में ऐसा काम मेरे पास नहीं आया. लेकिन इसमें बच्ची का असली नाम छप गया है." आईचा चेहरा पडला. मग मॅडम म्हणाल्या, "टाइपिंग की गलती हो तो बता दीजिए. कल तक सुधार के ले आइए, मैं मान लूँगी."

त्या माझ्याकडे बघत होत्या. मी फरशीकडे.

"नहीं मैडम," आई म्हणाली. "टाइप मेरी लड़की ने किया है. वो तो देख-देख के करती है, उसकी गलती नहीं होती. मैंने ही लिखा होगा."

मॅडमनी फाइल मिटून तिच्या हातात दिली आणि दुसऱ्या नंबरची म्हणून ती जागा मला दिली.

बाहेर जिन्यापाशी आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुले भेटली न, बस झालं. घरातच त राहिली." चार पायऱ्या उतरली आणि थांबली. "पन माय, मी त इतकी जपत होती. कुठं लिहिलं असंन वो मी ते नाव?"

"सातव्या पानावर," मी म्हटलं.

फाइल तिच्या हातात तशीच मिटलेली होती. आईने ती उघडली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली.