पाठीवरचा पंप

आमच्या फवारणी पंपाइतकी काटेकोर चाचणी खामगावात दुसऱ्या कशाचीही झाली नाही — हे वाक्य मी आयुष्यभर सांगत आलो. रजिस्टरही तेच म्हणतं. ते रजिस्टर मी कसं लिहिलं, हे मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

राज्य नवं होतं, उत्साह त्याहून नवा. आमच्या कारखान्याला — कारखाना म्हणजे चार लेथ आणि एक भली मोठी पाटी — कपाशीवर औषध मारायचा पाठीवरचा पंप काढायचा होता. डिप्लोमावाला मी एकटाच, म्हणून चाचण्यांचा आराखडा माझ्याकडे आला. फार सुंदर आराखडा केला हो मी! भरलेला पंप, माणसाच्या पाठीवर, शेतात, दहा दिवस. रोज सांधे तपासायचे. सांधा गळला तर आतलं विष थेट पाठीवर उतरणार — हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. म्हणूनच तर तसं लिहिलं होतं.

पण उद्घाटनाची तारीख ठरली, मांडव पडला, आणि मला — खरं सांगू? — कपाशीत चालायचा कंटाळा आला. पंप टेबलावर ठेवला, साधं पाणी भरून दुपारभर दांडा हलवला, आणि दहा दिवसांचे रकाने एका बैठकीत भरून टाकले. शाई बदलून बदलून. सहाव्या दिवशी एक किरकोळ दोषही लिहिला — फार निर्दोष दिसू नये म्हणून.

उद्घाटनाला आठवडा असताना आमचा जुना फिटर, गणपत मिस्त्री, माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. पांढऱ्या सदऱ्यावर कमरेपर्यंत निळे ओघळ. पंपात धुण्याची नीळ कालवून, तो पाठीवर घेऊन, गडी दिवसभर कारखान्यामागच्या कपाशीत फिरला होता.

"साहेब, टेबलावर तुमचा पंप लय बेस हाये. पण कास्तकार टेबल नाई नं. तो वाकते. वाकला का बुडाचा सांधा उलते, अन् गळते."

"आता रजिस्टरात काय लिहू?" मला सुचला तो हाच प्रश्न.

"काऊन? तुमी तं आधीच लिहून ठेवलं हाये सारं."

हसला, आणि कामाला लागला. प्रत्येक पंपाच्या बुडाला त्यानं आतून पितळी पट्टी बसवली. पुन्हा नीळ, पुन्हा वाकणं — या वेळी पाठ कोरडी. मालकांना तो काही बोलला नाही. मीही नाही.

समारंभात पाहुण्यांनी माझं रजिस्टर उंच धरून दाखवलं आणि विज्ञानयुगावर बरंच बोलले. शाल मला मिळाली. गणपत मांडवाच्या कडेला पंप धरून उभा. त्याचं नाव घ्यायला एक वाक्य पुरलं असतं. नाही घेतलं — तेव्हाही नाही, आणि पुढं तो हयात असेतो कधीच नाही.

बीबी गावापासून सुलतानपुरापर्यंत आमचा पंप किती पाठींवर चढला असेल! त्यातली एकही भाजली नाही, ती गणपतमुळे. मी आजवर ताठ मानेनं फिरलो, तोही त्याच्यामुळेच. त्याचे उपकार मी अगदी निवांत भोगले.

माझं रजिस्टर कारखान्याच्या कपाटात अजून आहे, लाल कापडात बांधलेलं. खऱ्या चाचणीची नोंद फक्त गणपतच्या सदऱ्यावर होती. ती त्याच आठवड्यात धुण्यात गेली.